'ढोल' म्हणजे कोण? एका विरळ इंग्रजी नावाचा अभ्यास

सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या काठी वसलेल्या आपल्या खेड्यांतील मुले आता इंग्रजी शिकत आहेत. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांशी त्यांची रोज गाठ पडते. अशा एखाद्या मुलाच्या वाचनात डी, एच, ओ, एल, ई ह्या पाच अक्षरांचा एक शब्द कधी तरी येईल. धुळे हे आपल्या शहराचे नाव डी, एच, यू, एल, ई असे लिहावयास तो आधीच शिकलेला असतो. दोहोंत फरक काय तो एका अक्षराचा. तेव्हा तो मास्तरांस विचारील, "हे आपले धुळेच ना?" शेजारी बसलेला म्हणेल, "नाही रे, हा वाजवावयाचा ढोल." तिसरा म्हणेल, "हे तर ढोले आडनाव आहे."

ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. त्यांत मुलांचा दोष नाही, कारण हा शब्द इंग्रजीतही विरळ आहे आणि पुष्कळ शिकलेल्या माणसांसही तो ठाऊक नसतो. तो एका प्राण्याचे नाव आहे, आणि तो प्राणी परमुलखातील नसून आपल्याच सातपुड्याच्या डोंगररांगेत राहणारा आहे. त्या शब्दाचे रूप, अर्थ, उगम व वापर ह्यांचा आम्ही येथे क्रमाने विचार करू. मास्तरांनी हा पाठ रात्रीच्या वर्गात थोडा थोडा करून घ्यावा. शेवटी असे दिसून येईल की, हा केवळ शब्दाचा खेळ नाही. हे नाव नीट न कळल्यामुळे शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या गरीब कुटुंबाचे नुकसान होऊ शकते.

१. रूप व उच्चार

इंग्रजीत ह्या शब्दाच्या शेवटचे ई हे अक्षर मुके आहे. छिद्र ह्या अर्थाचा 'होल' आणि खांब ह्या अर्थाचा 'पोल' हे शब्द मुलांस माहीत असतात, त्यांच्याशी यमक जुळेल असा हा शब्द एका दमात उच्चारावा. 'ढोले' किंवा 'धोले' असे दोन तुकडे करू नयेत. इंग्रज माणसाच्या जिभेस आपला ढ वळत नाही, म्हणून त्याच्या तोंडी तो 'डोल' असा ऐकू येतो. मराठीत मात्र 'ढोल' असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे, आणि आम्हीही तसेच लिहू. अनेकवचन करावयाचे असता शेवटी एस जोडावा, म्हणजे 'ढोल्स' असे रूप होते. त्यांच्या टोळीस इंग्रजीत 'पॅक' म्हणतात. लांडग्यांच्या टोळीसही हाच शब्द लावितात.

२. हा प्राणी कोणता

ढोल म्हणजे आपल्याकडील रानकुत्रा. जुन्या मराठीत ह्यास कोळसून म्हणत, आणि कोकणात व घाटमाथ्यावर कोळसुंदा, कोळशिंदा अशीही रूपे ऐकू येतात. शास्त्रज्ञांनी त्यास 'क्युऑन आल्पिनस' असे नाव दिले आहे.

त्याचा रंग विटकरी तांबडा असतो. शेपूट झुबकेदार असून तिचा टोकाकडील भाग काळा असतो. कान उभे परंतु टोकाशी गोलाकार असतात. वजन साधारणतः १२ ते २० किलो, म्हणजे तो लांडग्याहून लहान आणि कोल्ह्याहून मोठा. तो गावच्या कुत्र्यासारखा रात्रभर भुंकत बसत नाही. रानात टोळीतील सोबती एकमेकांपासून दुरावले म्हणजे ते शीळ घातल्यासारखा आवाज काढून एकत्र येतात. म्हणून इंग्रजीत त्यास शीळ घालणारा कुत्रा असेही एक नाव आहे.

तो बहुधा दिवसा, सकाळी व सायंकाळी, टोळीने शिकार करितो. टोळीत पाच-दहा जनावरे असतात, केव्हा केव्हा अधिकही असतात. चितळ व सांबर हे त्याचे मुख्य भक्ष्य. त्याची शिकार करण्याची रीत पाहणाऱ्यास क्रूर वाटते, आणि जुन्या शिकाऱ्यांनी आपल्या पुस्तकांत त्यास फार शिव्या दिल्या आहेत. परंतु त्याच टोळीत दुसरीही एक रीत दिसते. शिकार पडल्यावर वाढत्या पिल्लांस आधी खाऊ देतात, आणि मोठी जनावरे मागून खातात. बिळापाशी राहिलेल्या पिल्लांसाठी व त्यांच्या आईसाठी टोळीतील इतर जनावरे पोटात मांस आणून तेथे ओकतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ढोल हा आपल्या गावच्या कुत्र्याचा रानात पळून गेलेला भाऊ नव्हे. दोघांची जात निराळी, इतकेच नव्हे तर शास्त्रज्ञांनी त्यांचा वर्गही निराळा मानिला आहे. गावच्या कुत्र्यास ४२ दात असतात, ढोलास ४०. गावच्या कुत्रीस बहुधा १० आचळ असतात, ढोलाच्या मादीस त्याहून अधिक, १६ पर्यंत असतात. गावचा कुत्रा कितीही वर्षे रानात राहिला तरी तो ढोल होत नाही. हा भेद पुढे फार उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्रात आज अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, नागपूर जिल्ह्यातील पेंच, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा अशा रानांत ढोल आहेत. मेळघाट हा सातपुड्याचाच पूर्वेकडील भाग होय, आणि जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य त्याच डोंगररांगेत पश्चिमेस आहे. सर्व जगात ह्या प्राण्याची संख्या आता फार थोडी उरली आहे. २०१५ साली शास्त्रज्ञांनी जो अंदाज केला, त्यात पिल्ले देण्याजोगी जनावरे अवघ्या जगात सुमारे ९५० ते २,२०० एवढीच असावीत असे ठरले.

३. 'ढोल' हे नाव आले कोठून

आता उगमाकडे वळू. १८०८ साली टॉमस विल्यमसन नावाच्या एका इंग्रज लष्करी गृहस्थाने हिंदुस्थानातील शिकारीविषयीच्या पुस्तकात हे नाव छापले. रामगढ, म्हणजे आजच्या झारखंडातील प्रदेश, येथे त्याने हा प्राणी पाहिला होता आणि तेथील लोक त्यास ढोल म्हणतात असे त्याने लिहिले. पुढे १८२७ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ ह्या विद्वानाने पूर्वेकडील निरनिराळ्या भागांत हा शब्द चालतो असे सांगितले. मग त्यास वाटले की, तुर्की भाषेत 'देली' म्हणजे वेडा, आणि डच भाषेतही 'दोल' म्हणजे वेडा, तेव्हा हा शब्द त्यांचाच नातलग असावा.

वाचकहो, स्मिथसाहेबांची ही चूक आणि आपल्या शाळेतील मुलाची चूक ह्यांत अंतर किती आहे? मुलाने धुळे व ढोल ह्यांचा आवाज जुळविला, साहेबांनी देली, दोल व ढोल ह्यांचा जुळविला. दोघांनीही कानावर विश्वास ठेविला, आणि ह्या शब्दाने खरोखर कोण कोणास हाक मारितो, हे विचारावयाचे राहून गेले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड लिडेकर ह्या प्राणिशास्त्रज्ञाने लिहिले की, जेथे हा प्राणी राहतो तेथील लोक त्यास ढोल म्हणतच नाहीत! काही कोशकारांनी असाही तर्क केला आहे की, कानडीत लांडग्यास 'तोळ' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असावा. हा तर्क खरा ठरला तर लांडग्याचे नाव चुकून रानकुत्र्यास चिकटले असे होईल. निश्चित निकाल अद्याप लागलेला नाही. कोशांत ह्या शब्दापुढे उगम संशयित असाच शेरा असतो.

शब्दांचे मूळ शोधणे हे किती कष्टाचे काम आहे, हे धुळ्याच्या लोकांस कोणी सांगावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे आपल्या आयुष्याच्या अखेरच्या काळात धुळ्यास राहिले आणि १९२६ साली तेथेच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात आहे. गावोगाव पायी हिंडून त्यांनी जुने कागद व शब्द गोळा केले. शब्दाचे मूळ पाहावयाचे तर त्याची जुनी रूपे, तो बोलणारे लोक आणि तो ज्या वस्तूस लावितात ती वस्तू, ही तिन्ही पाहिली पाहिजेत. केवळ आवाज सारखा म्हणून नाते जोडणे म्हणजे दोन माणसांचे पागोटे सारखे म्हणून त्यांस सख्खे भाऊ ठरविण्यासारखे आहे.

४. ज्याने विचारून लिहिले त्याची गोष्ट

त्याच काळात दुसऱ्या एका इंग्रज गृहस्थाने निराळी रीत धरिली. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अंमलदार होता. १८२४ पासून मुंबई सरकारने त्याच्याकडे दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याचे काम सोपविले. पुणे, अहमदनगर, धारवाड आणि खानदेश ह्या चार कलेक्टरींची माहिती त्याने लिहिली, म्हणजे आपला प्रदेशही त्याच्या कामात आला. जमीन, पिके, लोक ह्यांच्याबरोबर त्याने पशुपक्ष्यांचीही नोंद केली. १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेविताना त्याने रानकुत्र्यास 'दख्खनचा' असे विशेषण असलेले लॅटिन नाव दिले, आणि मराठे लोक त्यास काय म्हणतात तेही तेथे लिहून ठेविले. ते नाव कोळसून.

साइक्सने दिलेले लॅटिन नाव मात्र मुख्य नाव म्हणून टिकले नाही. पीटर सायमन पालास ह्या शास्त्रज्ञाने १८११ सालीच आशियाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातील ह्याच जातीच्या प्राण्यास 'डोंगरातील' ह्या अर्थाचे 'आल्पिनस' हे नाव देऊन ठेविले होते. जे नाव आधी प्रसिद्ध झाले ते धरावे, असा शास्त्राचा नियम आहे. पुढे नेपाळात राहणाऱ्या ब्रायन हॉजसन ह्याने १८३३ मध्ये त्यास आणखी एक नाव दिले, आणि १८३८ मध्ये हा प्राणी सामान्य कुत्र्यांहून निराळ्या वर्गातील आहे असे ठरवून त्या वर्गास 'क्युऑन' म्हटले. हा कुत्रा ह्या अर्थाचा ग्रीक शब्द होय. अशा रीतीने शास्त्रीय नाव 'क्युऑन आल्पिनस' झाले, आणि साइक्सचे 'दख्खनचा' हे विशेषण हिंदी द्वीपकल्पातील पोटजातीपुरते मागे राहिले.

परंतु कोळसून हा शब्द त्या १८३१ च्या छापील पानावर राहिला तो राहिलाच. सुमारे दोनशे वर्षांनी आज आपण त्याचा विचार करू शकतो, ह्याचे कारण एका परक्या माणसाने मराठी माणसास विचारिले, "तुम्ही ह्यास काय म्हणता?" आणि जे उत्तर मिळाले ते कागदावर उतरविले. इंग्रजीत ढोल हा शब्द रूढ झाला तो तो अधिक खरा म्हणून नव्हे, तर तो आधी छापला गेला आणि पुष्कळ पुस्तकांत पुनः पुनः छापला गेला म्हणून.

५. एक मराठी नाव इंग्रजीत कसे गेले

आपल्या भाषेतील प्राण्यांची सर्वच नावे अशी मागे राहिली असे मात्र नाही. मुंगुसास इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात, आणि कोशकार ह्या शब्दाच्या उगमासाठी मराठी मुंगूस शब्दाकडेच बोट दाखवितात. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत गेला. आपल्या शेताच्या बांधावरचा हा शब्द आज साऱ्या जगातील मुले उच्चारितात, आणि बहुतेकांस तो मराठी आहे हे ठाऊक नसते.

ह्या शब्दाची इंग्रजी अक्षरे लिहिताना मात्र एक गंमत झाली. त्याचा उत्तरार्ध हंसासारख्या एका पाळीव पक्ष्याच्या, म्हणजे 'गूस'च्या नावाप्रमाणे लिहितात. त्या पक्ष्याशी मुंगुसाचा काडीचाही संबंध नाही. विद्यार्थी येथे हटकून चुकतात. 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते म्हणून ते 'मंगूस'चे 'मंगीस' करितात. तसे करू नये. 'मंगूसेस' हेच योग्य रूप होय. येथेही तीच शिकवण: अक्षरांचे साम्य पाहून अर्थ ठरवू नये.

आणखी दोन उदाहरणे घ्या. कोल्ह्यास इंग्रजीत 'जॅकल' म्हणतात. तो शब्द फारशी 'शगाल' व तुर्कीमार्गे आला, आणि त्याचे नाते संस्कृत 'शृगाल' शब्दाशी आहे. मोठ्या उंदरास 'बँडिकूट' म्हणतात, तो तेलुगू 'पंदिकोक्कु' म्हणजे डुकरासारखा उंदीर. ह्या नावांचा माग लागतो, कारण ती अमक्या लोकांत अमक्या प्राण्यास लावितात हे पारखता आले. ढोल शब्दाचा माग लागत नाही, कारण ती साखळीच मध्ये तुटलेली आहे.

६. इंग्रजीत हा शब्द कसा वापरावा

आता वापराविषयी थोडे सांगतो. इंग्रजीत ह्या प्राण्यास तीन-चार नावे आहेत: ढोल, आशियाई रानकुत्रा, हिंदी रानकुत्रा आणि तांबडा कुत्रा. तमिळ भाषेतील 'सेन्नाय' ह्या नावाचाही अर्थ तांबडा कुत्रा असाच होतो. शास्त्रीय लेखनात व अभयारण्यांच्या माहितीपत्रकांत आता ढोल हाच शब्द अधिक वापरितात, आणि त्यास सबळ कारण आहे. नुसते 'वाइल्ड डॉग' म्हटले तर आफ्रिकेतील ठिपकेदार रानकुत्रा असा अर्थ होऊ शकतो. तो प्राणी अगदी निराळा. ऑस्ट्रेलियातील 'डिंगो'ही निराळा. आपल्या रस्त्यावरील मोकाट कुत्र्यांसही कोणी तोच शब्द लावील. ढोल म्हटले म्हणजे एकच प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो. विरळ शब्दाचा हाच उपयोग: तो थोड्यांस ठाऊक असतो, परंतु ज्यांस ठाऊक असतो त्यांचा घोटाळा होत नाही.

इंग्रजी कथावाङ्मयात हे नाव रुडयार्ड किपलिंग ह्यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या जंगलबुकातील 'तांबडा कुत्रा' ह्या कथेमुळे पुष्कळांच्या ओळखीचे झाले. तीत दख्खनमधून ढोलांची मोठी टोळी उत्तरेस वैनगंगेकडे येते, आणि मोगली व त्याचे लांडगे तिच्याशी झुंजतात. शिवनी व वैनगंगा ही सातपुड्याच्या पूर्वेकडील खरी ठिकाणे आहेत. मुलांनी ती कथा अवश्य वाचावी, परंतु ती कथा आहे हे विसरू नये. ढोलाने माणसावर हल्ला केल्याची उदाहरणे फारच विरळ आहेत.

हा शब्द माणसास शिवी म्हणून किंवा उपमा म्हणून लावण्याचा प्रघात इंग्रजीत नाही. कोल्हा व लांडगा ह्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावरून इंग्रजीत वाक्प्रचार आहेत तसे मराठीतही आहेत. कोल्ह्यास द्राक्षे आंबट आणि लांडगा आला रे आला ही कोणास ठाऊक नाहीत? म्हणून विद्यार्थ्याने ढोल हा शब्द प्राण्याविषयी लिहितानाच वापरावा, अलंकार म्हणून वापरू नये.

७. नाव चुकल्याने काय बिघडते

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा पाठ मुख्यत्वे लिहिला तीकडे येतो.

डोंगराच्या कडेला ज्यांची वस्ती आहे त्यांस शेळी म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. मुलीचे लग्न, मुलाची फी, दवाखान्याचा खर्च, ह्या सर्वांस अडीअडचणीत तीच उपयोगी पडते. अशी एक शेळी रानाच्या कडेला मेलेली सापडली म्हणजे घरधनी काय सांगतो? "कुत्र्यांनी खाल्ली." तो कदाचित रानकुत्र्यांविषयी बोलत असेल, परंतु 'रान' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, कारण त्याच्या मते ते सांगावयाचे कारण नसते. कागदावर उतरते ते मात्र 'कुत्र्यांनी' एवढेच.

महाराष्ट्र शासन वन्य प्राण्यांनी मारलेल्या गुराढोरांबद्दल नुकसानभरपाई देते. ज्या प्राण्यांसाठी ती मिळते त्यांच्या यादीत वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा ह्यांच्याबरोबर रानकुत्रे हेही आहेत. आणि लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, सरकारी कागदात रानकुत्रे ह्या शब्दापुढे कंसात 'ढोल' असे छापिलेले असते. ज्या शब्दाचे मूळ कोणास सांगता येत नाही, जो आपल्या रानातील लोक बोलत नाहीत असे लिडेकरने लिहिले, तोच शब्द इंग्रजी पुस्तकांतून फिरून मराठी सरकारी कागदावर आला आहे. गावच्या किंवा मोकाट कुत्र्यांनी शेळी मारली तर ही भरपाई मिळत नाही, कारण ते वन्य प्राणी नव्हेत. तेव्हा 'कुत्रा' आणि 'रानकुत्रा' ह्या दोन शब्दांतील अंतर म्हणजे एका गरीब घरास मिळणारे किंवा बुडणारे पैसे होत.

म्हणून उपदेशकांनी व मास्तरांनी आपल्या लोकांस पुढील गोष्टी समजावून द्याव्या. जनावर मारले गेले तर विलंब न करता जवळच्या वनरक्षकास किंवा वनअधिकाऱ्यास कळवावे. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगावे: रंग तांबडा होता की नाही, शेपटी झुबकेदार व टोकाकडे काळी होती की नाही, किती जनावरे होती, दिवस होता की रात्र. जे पाहिले नाही ते भरपाईच्या लोभाने सांगू नये. गावच्या मोकाट कुत्र्यांचा अपराध रानकुत्र्यांवर ढकलणे ही खोटी साक्ष होय, मग ती मुक्या जनावराविरुद्ध का असेना.

अशा खोट्या साक्षीचे फळ ह्या प्राण्याने पुष्कळ भोगिले आहे. इंग्रजी अंमलात रानकुत्रा मारणारास सरकारातून बक्षीस मिळे, आणि स्वराज्य आल्यावरही ही चाल १९७२ पर्यंत काही ठिकाणी चालू राहिली. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या शिकारीस बंदी झाली. परंतु मेलेल्या जनावराच्या मांसात विष घालून ठेवण्याची वाईट चाल अजून अगदी नाहीशी झालेली नाही. त्या विषाने केवळ रानकुत्रा मरतो असे नाही. गिधाडे, कोल्हे आणि आपल्याच दारचा राखणदार कुत्राही मरतो, आणि विष घालणारा गुन्हेगार ठरतो.

आणखी एक धोका उलट दिशेने आहे. गावच्या कुत्र्यांस होणारे पिसाळी व 'डिस्टेंपर' हे रोग रानकुत्र्यांच्या टोळीत शिरले तर सबंध टोळी नाहीशी होऊ शकते. म्हणून आपल्या कुत्र्यांस वेळेवर लस टोचून घेणे हे आपल्या मुलांच्या रक्षणाचे काम आहे तसेच रानाच्याही रक्षणाचे आहे.

८. आपण काय करावे

आमची वाचकांस एक विनंती आहे. साइक्सने दख्खनात विचारून 'कोळसून' हा एक शब्द लिहून ठेविला. परंतु सातपुड्यातील भिल्ल, पावरा, तडवी, बारेला ह्या आपल्या शेजाऱ्यांच्या बोलींत ह्या प्राण्यास काय म्हणतात? ज्या वृद्धांनी लहानपणी गुरे चारताना रानातील शीळ ऐकली, ते अजून काही गावांत असतील. त्यांच्यापाशी बसावे, प्राण्याचे चित्र दाखवावे, आणि नाव विचारावे. जे नाव सांगितले जाईल ते आपल्या मते शुद्ध न करिता जसे ऐकू आले तसेच वहीत लिहावे. त्याखाली गावाचे नाव, बोलीचे नाव आणि तारीख घालावी. दोन वृद्धांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावी. सांगणारा अशिक्षित आहे म्हणून त्याचे नाव हलके समजू नये. ढोल शब्दाचा घोटाळा विद्वानांनी केला, आणि कोळसून शब्द ज्या मराठी माणसाने सांगितला त्याचे नावही कोणी लिहून ठेविले नाही.

जे नाव कोणी लिहीत नाही ते बोलणाराबरोबर जाते. मग त्याच्या जागी बाहेरून आलेले नाव बसते, आणि पुढे आपलीच मुले त्या परक्या नावाचा अर्थ विचारीत आपल्याकडे येतात.

वर्गासाठी प्रश्न

१. ढोल हा इंग्रजी शब्द आणि धुळे हे शहराचे नाव ह्यांत नाते नाही, हे कशावरून सांगाल?

२. हॅमिल्टन स्मिथ ह्याची चूक कोणती? साइक्सने निराळे काय केले?

३. गावचा कुत्रा, कोल्हा, लांडगा आणि रानकुत्रा ह्यांतील भेद दिसण्यावरून व सवयींवरून सांगा.

४. 'मंगूस' ह्या शब्दाचे अनेकवचन कसे होते? तो शब्द मूळ कोणत्या भाषेतील?

५. तुमच्या गावात शेळी मारली गेली तर पंचनाम्यात कोणत्या गोष्टी सांगाव्या आणि कोणत्या सांगू नयेत?

६. पुढील वर्गास येताना आपल्या घरातील वडील माणसांस विचारून रानातील पाच प्राण्यांची नावे त्यांच्या बोलीत लिहून आणा.